नोंदणी आणि नेमणूक : भारतातील सरकारी सेवायोजन कार्यालयांचा इतिहास

१

सरकारी सेवायोजन कार्यालय, अथवा लोकांच्या नित्य बोलण्यातील एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, ही संस्था स्वतंत्र भारतातील बहुसंख्य शिकलेल्या कुटुंबांच्या परिचयाची आहे. शालान्त परीक्षेचा निकाल लागला की जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नाव नोंदवावे, नोंदणीपत्र जपून ठेवावे, मुदतीच्या आत त्याचे नूतनीकरण करावे आणि 'कॉल' येण्याची वाट पाहावी, हा क्रम दोन-तीन पिढ्यांनी निष्ठेने पाळला. या वाट पाहण्यातून किती जणांच्या हाती नेमणूक पडली, हा प्रश्न मात्र आकड्यांच्या साहाय्याने तपासण्याजोगा आहे.

१९५१ साली देशात सेवायोजन कार्यालयांची संख्या सुमारे सव्वाशे होती. त्या वर्षी जवळजवळ पावणेचौदा लाख लोकांनी नावे नोंदविली आणि सुमारे ४ लाख १७ हजार जणांना कामे मिळाली. वर्षअखेर चालू नोंदपटावर राहिलेली नावे सुमारे ३ लाख २९ हजार होती. दहा वर्षांनंतर, १९६१ साली, कार्यालये सव्वातीनशेच्या घरात गेली आणि नोंदणी बत्तीस लाखांवर पोचली. परंतु नेमणुका सुमारे ४ लाख ४ हजारच झाल्या, आणि नोंदपटावरील नावे अठरा लाखांच्या वर गेली. याच दशकात या सेवेची सर्वांत विचारपूर्वक सुधारणा झाली होती, ही गोष्ट येथे विशेषेकरून लक्षात घेतली पाहिजे. समिती नेमली गेली, कारभाराची पुनर्रचना झाली, व्यवसायांचे शास्त्रीय वर्गीकरण तयार झाले आणि संसदेने स्वतंत्र कायदाही केला. इतके होऊनही नेमणुकांचा आकडा होता तेथेच का राहिला?

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर असे की नोकऱ्याच कमी होत्या. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही. नोकऱ्या निर्माण करणे हे सेवायोजन कार्यालयाचे कामच नव्हे. ज्या नोकऱ्या निर्माण होतात त्यांच्याशी योग्य माणसाची गाठ घालून देणे, हे त्याचे काम. यास्तव परीक्षा करावयाची ती या गाठीची. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, या संस्थेच्या प्रत्येक सुधारणेत नोंदणीची बाजू सुधारली गेली, परंतु नेमणुकीच्या बाजूवर कोणतेही परिणामकारक बंधन कधी आले नाही. आणि जेथे असे बंधन आले, तेथे त्याच देशात, किंबहुना मुंबई-महाराष्ट्रातच, नोंदणीला निराळा अर्थ प्राप्त झाला.

२

सार्वजनिक सेवायोजनाची कल्पना भारतात बाहेरून आली. इंग्लंडमध्ये १९०९ साली लेबर एक्स्चेंजचा कायदा झाला आणि १९१० च्या फेब्रुवारीत तेथील पहिली कार्यालये उघडली. विन्स्टन चर्चिल त्या वेळी व्यापारखात्याचे मंत्री होते आणि या योजनेचा प्रमुख विचारक होता विल्यम बेव्हरिज. लंडनच्या गोद्यांवर रोज सकाळी कामाच्या आशेने जमणाऱ्या व बहुतांशी रिकाम्या हाताने परतणाऱ्या मजुरांचा प्रश्न त्याच्या डोळ्यांपुढे होता. त्याच्या मते प्रत्येक धक्क्यावर मजुरांचा वेगळा साठा राखण्याऐवजी सर्वांसाठी एकच नोंदवही ठेवली, तर वाया जाणारे श्रम वाचतील. १९११ साली बेकारी विम्याचा कायदा झाला आणि या कार्यालयांना दुसरा आधार लाभला. विम्याचा भत्ता हवा असेल त्या बेकाराला कार्यालयात हजर राहणे भाग पडले. त्यामुळे नोंदवहीतील नाव हे खऱ्याखुऱ्या बेकाराचे आहे की नाही, याची परीक्षा आपोआप होऊ लागली. भारताने या योजनेतील पहिला भाग पुढे स्वीकारला. दुसरा स्वीकारला नाही. या निवडीचे परिणाम दूरगामी झाले.

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९१९ साली बेकारीविषयी जो करार संमत केला, त्यात विनामूल्य सार्वजनिक सेवायोजन कार्यालये स्थापण्याचे कलम होते. हिंदुस्थान सरकारने १९२१ साली त्यास मान्यता दिली. तथापि मान्यतेच्या मागून कार्यालये आली नाहीत, आणि १९३८ साली सरकारने ती मान्यताही मागे घेतली. मधल्या काळात, १९२९ साली नेमलेल्या व १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाने हा विषय तपासला होता. कारखान्याच्या दाराशी हवे तितके मजूर मिळत असताना मालक अशा कार्यालयांकडे वळणार नाहीत, असे आयोगाचे मत पडले. हे मत प्रतिकूल असले तरी त्यातील निरीक्षण अचूक होते. माणसांची टंचाई नसेल, तर मालकाला मध्यस्थाची गरज भासत नाही. आणि भासलीच, तर तो मध्यस्थ आपल्या सोयीचा असावा असे त्याला वाटते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत असा मध्यस्थ होताच. तो म्हणजे जॉबर, आणि स्त्री-कामगारांच्या खात्यात नायकीण. भरती, बदली, रजा आणि बडतर्फी ही सारी सूत्रे व्यवहारात त्याच्या हाती असत. आपल्या गावच्या, नात्यातल्या वा जातीच्या माणसांना तो कामावर लावी. त्याबद्दल दस्तुरी घेई. प्रसंगी तोच सावकार आणि खोलीचा मालकही असे. जॉबरपद्धतीवर व्हिटली आयोगाने कठोर टीका केली. परंतु तिच्या जागी काय आणावे, याचे सर्वमान्य उत्तर त्या काळी मिळाले नाही. जॉबरकडे वशिला होता, पण त्याच्या शब्दाने माणूस कामावर लागत असे, हे सत्य पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

सुशिक्षितांची बेकारी हा प्रश्न याच सुमारास स्वतंत्रपणे पुढे आला. जागतिक मंदीच्या काळात पदवीधरांचे हाल तीव्र झाले, आणि संयुक्त प्रांतात सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९३५ साली त्यासंबंधी अहवाल दिला. अशा प्रकारे गिरणीच्या दारावरचा कामगार आणि अर्ज हाती घेऊन कचेऱ्या हिंडणारा पदवीधर, असे दोन भिन्न प्रश्न देशापुढे उभे राहिले. पुढे जी संस्था स्थापन झाली तिच्याकडून या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराची अपेक्षा केली गेली.

३

संस्थेचा प्रत्यक्ष जन्म झाला तो मात्र या दोहोंपैकी कोणत्याही प्रश्नातून नव्हे, तर युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात तंत्रज्ञ कामगारांची चणचण भासू लागली, तेव्हा १९४० च्या वटहुकुमान्वये राष्ट्रीय सेवा मजूर न्यायाधिकरणे स्थापन झाली आणि त्यांच्या जोडीला काही औद्योगिक केंद्रांत कुशल व अर्धकुशल कामगारांसाठी सेवायोजन कार्यालये उघडण्यात आली. येथे टंचाई माणसांची होती, कामाची नव्हे. त्यामुळे मालकांना या कार्यालयांची गरज होती. युद्ध संपत येताच परिस्थिती उलटली. सैन्यातून मुक्त होणारे जवान आणि युद्धकामावरून कमी होणारे कामगार यांना नागरी जीवनात सामावून घेण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. हेच भारतातील राष्ट्रीय सेवायोजन व्यवस्थेचे मूळ होय.

लवकरच फाळणीचे संकट कोसळले आणि लक्षावधी निर्वासितांना कामधंद्याला लावण्याचे ओझे याच कार्यालयांवर पडले. त्यानंतर लोकांची मागणी वाढत गेली आणि १९४८ च्या प्रारंभी कार्यालयांची दारे सर्व प्रकारच्या उमेदवारांना खुली झाली. तीन वर्षांच्या आत, एका मर्यादित गटाच्या पुनर्वसनासाठी उभारलेली तात्पुरती यंत्रणा सर्व देशाची नोकरी-मध्यस्थ बनली. हे स्थित्यंतर कोणत्याही पूर्वनियोजित आराखड्याने घडले नाही. निवृत्त सैनिकांच्या व निर्वासितांच्या बाबतीत सरकार स्वतःच नैतिक जबाबदारी मानीत होते आणि आपल्या खात्यांतील जागा त्यांच्यासाठी राखीत होते. सर्वसामान्य बेकाराच्या बाबतीत अशी जबाबदारी कोणी स्वीकारली नव्हती. दार उघडले, पण दाराच्या आत काय द्यावयाचे हे ठरले नव्हते.

या अनिश्चिततेचा विचार करण्यासाठी १९५२ साली बी. शिवराव यांच्या अध्यक्षतेखाली प्रशिक्षण व सेवायोजन संघटना समिती नेमली गेली. तिने एप्रिल १९५४ मध्ये अहवाल सादर केला. ही सेवा तात्पुरती न ठेवता कायम करावी. दैनंदिन कारभार राज्यांकडे द्यावा. धोरण, कार्यपद्धती, दर्जा व समन्वय ही कामे केंद्राकडे असावीत. आणि खर्चाचा साठ टक्के भार केंद्राने उचलावा, असे तिच्या शिफारसींचे सार सांगता येईल. त्याप्रमाणे १ नोव्हेंबर १९५६ रोजी कार्यालयांचा दैनंदिन कारभार राज्य सरकारांच्या हाती गेला. राज्यपुनर्रचनेचाही तोच दिवस. १ एप्रिल १९६९ पासून खर्चाची जबाबदारीही राज्यांकडे आली.

या विभागणीस घटनेचा आधार होता. रोजगार आणि बेकारी हा विषय समवर्ती सूचीत आहे. परंतु तिच्यातून एक विसंगती निर्माण झाली. कारखाने, बँका, रेल्वे आणि मोठे सार्वजनिक उद्योग यांचा नोकऱ्यांचा बाजार राज्याच्या सीमा ओलांडून जात होता. नोंदवही मात्र जिल्ह्याची राहिली. रत्नागिरीचा उमेदवार मुंबईत काम शोधीत असे, पण त्याचे नाव असे रत्नागिरीच्या नोंदपटावर. एका जिल्ह्याची गरज दुसऱ्या जिल्ह्यास कळविण्याची पद्धत कागदावर होती. तथापि स्थानिक नोंदपटावर हजारो नावे पडून असताना बाहेरचे नाव पाठविणे कोणत्याही कार्यालयास सहजसाध्य नव्हते.

४

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सेवेच्या सुधारणेचा खरा बौद्धिक प्रयत्न झाला. रोजगाराच्या बाजारासंबंधी नियमित माहिती गोळा करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचे विभाग निघाले. विद्यापीठांतही माहिती व मार्गदर्शन केंद्रे उघडली गेली. १९५८ साली राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण प्रसिद्ध झाले. या वर्गीकरणाचे महत्त्व वरवर पाहता ध्यानात येत नाही. 'फिटर' किंवा 'लेखनिक' या शब्दांनी प्रत्येक कारखान्यात व कचेरीत निरनिराळे काम ओळखले जात असेल, तर मालकाची मागणी व उमेदवाराची पात्रता यांची जुळणी होणार कशी? समान शब्द हा समान बाजाराचा पाया असतो. पुढे १९६८, २००४ व २०१५ साली या वर्गीकरणाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

१९५९ साली भारताने आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९४८ च्या सेवायोजन सेवा कराराला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी संसदेने रिक्त जागा सक्तीने कळविण्यासंबंधीचा कायदा केला. १ मे १९६० पासून तो अमलात आला. सार्वजनिक क्षेत्रातील सर्व आस्थापना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी क्षेत्रातील शेतीतर आस्थापना यांनी आपल्याकडील रिकाम्या जागा भरण्यापूर्वी सेवायोजन कार्यालयास कळवाव्यात, तसेच ठराविक मुदतीने कर्मचाऱ्यांची विवरणपत्रे सादर करावीत, असे बंधन त्याने घातले.

हा कायदा बारकाईने वाचला असता त्याची शक्ती आणि मर्यादा या दोन्ही एकाच वेळी दिसतात. जागा कळविणे सक्तीचे होते. पण सेवायोजन कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारांतूनच माणूस घ्यावा असे बंधन या कायद्याने येत नाही, हे त्याच्याच चौथ्या कलमात स्पष्टपणे नमूद केले होते. जागा न कळविल्याबद्दल पहिल्या गुन्ह्यास पाचशे रुपयांपर्यंत आणि त्यापुढील प्रत्येक गुन्ह्यास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. काळाबरोबर रुपयाची किंमत उतरत गेली आणि दंडाचा धाक नाममात्र उरला. शेतीतील काम, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम आणि कचेरीतील अकुशल काम यांना कायदा लागू नव्हता. या शेवटच्या वर्गात दफ्तरी, जमादार, शिपाई, फरास, दप्तर उचलणारा, समन्स बजावणारा, पहारेकरी व झाडूवाला यांची नावे कायद्याने एकेक करून दिली होती. महिना साठ रुपयांहून कमी वेतनाच्या जागाही वगळल्या होत्या. थोडक्यात, ज्या वर्गाला वशिल्याशिवाय काम मिळणे सर्वांत कठीण, त्याच्याच जागा कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

तरीही हा कायदा निष्फळ ठरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. विवरणपत्रांच्या द्वारे संघटित क्षेत्रातील रोजगाराची माहिती अनेक दशके सातत्याने मिळत गेली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना ही सामग्री अत्यंत उपयुक्त ठरली. शिवाय सरकारी कचेऱ्यांना कायद्याखेरीज शासकीय आदेशांचेही बंधन होते. लोकसेवा आयोगासारख्या संस्थांमार्फत न भरावयाच्या जागा सेवायोजन कार्यालयाच्या यादीतून भराव्यात, असे हे आदेश सांगत. त्यामुळे ज्या घरात कोणी सरकारी नोकर नव्हता, साहेबाला चिठ्ठी देणारा ओळखीचा माणूस नव्हता, अशा घरातील मुलालाही लेखनिकाच्या वा शिपायाच्या जागेसाठी मुलाखतीचे पत्र येऊ शकत असे. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांच्या राखीव जागांसाठी नावे पाठविण्याचे कामही हीच कार्यालये करीत. जॉबरच्या दस्तुरीशी तुलना करता ही प्रगती लहान नव्हती. तिचे सामाजिक मोल नेमणुकांच्या आकड्यांत पूर्णपणे उतरत नाही.

५

परंतु या न्यायाचेच एक साधन कालांतराने संस्थेला जड झाले. ते साधन म्हणजे नोंदणीची ज्येष्ठता. समान पात्रतेच्या उमेदवारांत ज्याचे नाव आधी नोंदलेले, त्याचे नाव आधी पाठवावयाचे, हा नियम निःपक्षपाती होता. कर्मचाऱ्याच्या मर्जीला त्यात वाव कमी राही. पण नियमाचा दुसरा परिणाम असा झाला की नोंदणीची तारीख ही एक प्रकारची मालमत्ता बनली. कामाची तातडी नसली तरी लवकर नाव नोंदवून ठेवणे शहाणपणाचे ठरले. लहानसहान काम मिळाले तरी नाव काढून टाकणे तोट्याचे ठरले. शिकत असलेले विद्यार्थी, खाजगी नोकरीत असून सरकारी नोकरीची आस धरलेले लोक आणि खरोखरच निराधार बेकार, असे सर्व एकाच नोंदपटावर आले. इंग्लंडात भत्त्यासाठी हजर राहण्याची अट असल्यामुळे जी चाळणी आपोआप लागत असे, ती येथे नव्हती. कारण भत्ताच नव्हता. नूतनीकरणाची तारीख चुकली तर ज्येष्ठता गमवावी लागे, एवढीच काय ती परीक्षा. आणि ती गरजेची नसून दक्षतेची परीक्षा होती.

याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९७१ साली नोंदपटावर सुमारे ५१ लाख नावे होती आणि त्या वर्षीच्या नेमणुका होत्या सुमारे ५ लाख ७ हजार. १९८१ साली नावे १ कोटी ७८ लाखांवर गेली. नेमणुका ५ लाख ४ हजारांच्या आसपासच राहिल्या. १९९१ साली नावे ३ कोटी ६३ लाख आणि नेमणुका अडीच लाख. २००१ साली नावे सुमारे ४ कोटी २० लाख आणि नेमणुका १ लाख ६९ हजार. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, १९५१ साली वर्षभरातील नेमणुकांची संख्या वर्षअखेरच्या नोंदपटाहून मोठी होती. १९६१ मध्ये दर नेमणुकीमागे नोंदपटावर चार-पाच नावे होती, १९७१ मध्ये दहा, १९८१ मध्ये पस्तीस, आणि २००१ मध्ये जवळजवळ अडीचशे.

नोंदपटाचा आकडा म्हणजे देशातील बेकारी, असा समज वृत्तपत्रांत व विधिमंडळातील चर्चांत दृढ होत गेला. तो चुकीचा होता. नोंदणी ऐच्छिक होती; कार्यालये शहरांत होती; शेतमजूर तेथे क्वचितच जात. उलट ज्यांना काही ना काही काम होते असे अनेक जण नोंदपटावर होते. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाशी दीर्घकाळ निगडित असलेले प्रा. म. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली बेकारीच्या अंदाजांची मूलगामी चिकित्सा केली. ज्या देशात बहुसंख्य लोक स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात काम करतात आणि वर्षातील काही महिनेच त्यांना काम असते, तेथे बेकारीचा एकच आकडा काढून चालणार नाही, असा तिचा रोख होता. तिच्या संकल्पनांना अनुसरून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ च्या सत्ताविसाव्या फेरीपासून रोजगाराची मोजणी नव्या पद्धतीने होऊ लागली. बेकारीच्या मापनाचे काम अशा रीतीने पाहणीकडे गेले. सेवायोजन कार्यालयाकडे उरले ते त्याचे मूळ काम, आणि तेच क्षीण होत चालले होते.

६

येथे मुंबई आणि महाराष्ट्रातील काही समकालीन प्रयोगांकडे वळणे उपयुक्त ठरेल. त्यांतही नोंदवही हेच साधन होते. पण तिच्यामागे उभा असलेला करार निराळा होता.

पहिला प्रयोग गिरण्यांतील बदली कामगारांचा. १९३५ साली मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. दर महिन्याच्या प्रारंभी ठराविक लोकांना बदलीची कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर राहावयाचे, आणि तात्पुरत्या रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, अशी ती योजना होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अहमदाबाद, मुंबई व सोलापूर येथील कापड गिरण्यांसाठी याच दिशेने नैमित्तिक कामगार कमी करण्याची योजना आखली. जॉबरचा अधिकार यामुळे एकदम नष्ट झाला नाही. तथापि कार्ड हाती असणे म्हणजे आज ना उद्या पाळी येणे, असा काहीएक संबंध नोंद आणि काम यांच्यात प्रस्थापित झाला.

दुसरा प्रयोग गोदी कामगारांचा. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगारनियमनाचा कायदा झाला आणि १९५१ साली मुंबई बंदरासाठी त्याखालील योजना निघाली. बेव्हरिजने लंडनच्या धक्क्यावर पाहिलेला प्रश्नच येथे हाती घेतला गेला. नोंद कामगाराची झाली तशी मालकाचीही झाली. नोंद नसलेल्या मालकाला नोंद झालेला कामगार मिळणार नाही आणि नोंद झालेल्या मालकाने बाहेरचा कामगार घ्यावयाचा नाही, असे दुहेरी बंधन आले. हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीभत्ता आणि महिन्याकाठी किमान वेतनाची हमी यांची त्यात तरतूद होती. याच तत्त्वाचा विस्तार १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्यात झाला. बाजारपेठांत डोक्यावर व पाठीवर ओझी वाहणारी ही माणसे कोणा एका मालकाची नव्हती. टोळीचा मुकादम आणि व्यापारी यांच्यामध्ये त्यांची मजुरी गळून जात असे. आण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या रेट्याने झालेल्या या कायद्याने मंडळे स्थापन केली, व्यापारी व कामगार या दोघांचीही नोंद सक्तीची केली, आणि मजुरी व लेव्ही मंडळाकडे भरावयास लावली. जी माणसे १९५९ च्या कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य होती, त्यांना येथे नोंदणीमुळे भविष्यनिर्वाह निधी, रजा व बोनस यांचा लाभ मिळू लागला.

तिसरा प्रयोग रोजगार हमीचा. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तो लहान प्रमाणावर झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात त्याला राज्यव्यापी रूप आले, १९७७ साली कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने नाव नोंदवून काम मागितले, की पंधरा दिवसांत काम पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. न पुरविल्यास बेकारभत्ता देणे आले. या योजनेत त्रुटी होत्या आणि त्यांवर पुष्कळ टीका झाली आहे. परंतु तिची रचना पाहिली तर सेवायोजन कार्यालयाशी असलेला विरोध ठळकपणे दिसतो. येथील नोंदवही वाट पाहणाऱ्यांची यादी नव्हती. ती शासनावरील देण्याची वही होती. म्हणूनच काम संपले की माणूस तीतून सहज बाहेर पडे. जुन्या तारखेला येथे काही किंमत नव्हती. किंमत होती ती आजच्या गरजेला. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव तिच्यापुढे होता.

या तिन्ही उदाहरणांचा विपर्यास मात्र होऊ नये. गोदी व माथाडी मंडळे यशस्वी झाली ती ठराविक जागी, ठराविक प्रकारच्या कामापुरती. रोजगार हमी ही अंगमेहनतीच्या कामापुरती. सर्व धंद्यांतील सर्व मालकांवर नेमणुकीची सक्ती करणे ना शक्य होते, ना इष्ट. प्रश्न सक्ती हवी की नको असा नव्हताच. नोंद करून घेणाऱ्या संस्थेने नोंद करणाऱ्यास त्याच्या मोबदल्यात निश्चित असे काय द्यावे, हा खरा प्रश्न होता.

७

सेवायोजन कार्यालयाच्या हाती जी एक निश्चित वस्तू होती, म्हणजे सरकारी जागांसाठी नावे पाठविण्याचा अधिकार, तिचे भवितव्य अखेर न्यायालयांत ठरले. १९८७ साली एन. हरगोपाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. १९५९ चा कायदा कोणत्याही मालकाला केवळ सेवायोजन कार्यालयामार्फतच भरती करण्यास भाग पाडीत नाही; पण सरकारने आपल्या खात्यांपुरता तसा आदेश काढला, तर तो समान संधीच्या तत्त्वाविरुद्ध नाही. कारण परिचितांतून गुपचूप भरती करण्यापेक्षा सार्वजनिक नोंदपटातून भरती करणे अधिक न्याय्य होय. ही या संस्थेच्या सामाजिक कार्याला मिळालेली पावतीच होती. नऊ वर्षांनंतर, १९९६ साली, विश्वेश्वर राव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने निराळी दिशा घेतली. कार्यालयाकडून नावे मागवावीतच; पण वृत्तपत्रांतून व अन्य माध्यमांतूनही जाहिरात द्यावी, आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार करावा, असे त्याने सांगितले. नाव न पाठविल्यामुळे पात्र उमेदवार वंचित राहतो, हे त्यामागील कारण. ज्या समान संधीच्या नावाने नोंदपटाचे समर्थन झाले होते, तिच्याच नावाने त्याची मक्तेदारी संपली. नोंदपट कोटींच्या घरात गेल्यावर ज्येष्ठतेची यादी ही खुल्या दारापेक्षा बंद दारासारखी भासू लागली होती, हे या फरकाचे मूळ म्हणता येईल.

त्यानंतर सुधारणेचा रोख पालटला. २० जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय करिअर सेवेचा प्रारंभ केला. एकाच संगणकीय मंचावर उमेदवार, मालक, प्रशिक्षणसंस्था व समुपदेशक यांना आणणे आणि जुन्या कार्यालयांना मार्गदर्शन केंद्रांचे रूप देणे, हा तिचा हेतू. महाराष्ट्रात जिल्ह्यांतील सेवायोजन कार्यालयांना कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे असे नाव आले. जिल्ह्याच्या नोंदवहीचा देशाच्या बाजाराशी मेळ नसणे, हा १९५६ पासूनचा दोष या मांडणीने तत्त्वतः दूर झाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९५९ च्या कायद्याची जागा घेतली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही संहिता अमलात आली. तिच्यात सेवायोजन कार्यालयाचे नाव करिअर केंद्र असे झाले. रिक्त जागा कळविण्याचे कर्तव्य तिने राखले. त्याचबरोबर केंद्रामार्फत माणूस घेण्याचे बंधन मालकावर नाही, हे जुने वाक्यही राखले.

८

या साऱ्या इतिहासातून अन्य विकसनशील देशांनाही उपयोगी पडतील असे तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बेकारी विम्याविना उभारलेली नोंदवही ही इंग्लंडच्या नमुन्याची प्रतिकृती नव्हे, तर त्याच नावाची वेगळी वस्तू होय. तिच्यात गरजेची चाळणी नसते. म्हणून तिचा आकडा वाढतो आणि तिचा अर्थ कमी होतो. दुसरा असा की, निःपक्षपातीपणा आणि उपयुक्तता हे दोन गुण वेगळे आहेत. ज्येष्ठतेच्या नियमाने पहिला साधला, पण मालकाच्या दृष्टीने उमेदवाराची योग्यता पारखण्याचे काम मागे पडले. आणि मालकाचा विश्वास गेला की सर्वांत न्याय्य यादीही वाचली जात नाही. तिसरा असा की, माहितीची सक्ती ही नेमणुकीची हमी नव्हे. १९५९ च्या कायद्याने माहिती दिली. गोदी, माथाडी व रोजगार हमी यांच्या नोंदवह्यांनी देणे मान्य केले.

व्हिटली आयोगाने १९३१ साली मांडलेला आक्षेप पुन्हा आठवण्याजोगा आहे. दाराशी माणसे उभी असताना मालक कार्यालयाकडे का येईल? या आक्षेपाला कागदपत्रांच्या, वर्गीकरणाच्या वा संगणकाच्या सुधारणेने एकट्याने उत्तर मिळत नाही. मालक येईल तो दाराशी मिळणाऱ्या माणसापेक्षा अधिक पारखलेला माणूस येथे मिळतो असा अनुभव आल्यावर. आणि उमेदवार विश्वास ठेवील तो नोंदणीच्या दिवसापासून मार्गदर्शन, प्रशिक्षण वा निर्वाहभत्ता यांपैकी एखादी तरी गोष्ट हक्काने हाती पडल्यावर. ज्या कोट्यवधी लोकांनी नोंदणीपत्राचे मुदतीत नूतनीकरण करीत उमेदीची वर्षे घालविली, त्यांनी राज्यसंस्थेवर दाखविलेला विश्वास हे या संस्थेचे सर्वांत मोठे भांडवल होते. ते भांडवल पुन्हा जमवावयाचे असेल, तर नव्या मंचावरील प्रत्येक नावामागे संस्थेने स्वतःवर काय देणे घेतले आहे, हे प्रथम लिहिले गेले पाहिजे.